उपग्रह प्रतिमांची सांधणी आणि सानगडी परिसरातील तलावांचा इतिहास : एक साधनचिकित्सा

प्रस्तावना

भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून सर्वपरिचित आहे. साकोली तालुक्यातील सानगडी हे गाव किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस ज्ञात असले, तरी या परिसराचा खरा ऐतिहासिक ठेवा म्हणजे येथील तलाव व बोड्या होत. त्यांच्या अभ्यासासाठी आजवर बंदोबस्ताचे कागद, गॅझेटिअर व लोकपरंपरा ही साधने वापरली गेली. १९७२ मध्ये लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह अवकाशात गेला आणि त्यांत आणखी एका साधनाची भर पडली. अनेक प्रतिमा जुळवून व सांधून तयार केलेल्या एकसंध प्रतिमेस मोझेक म्हणतात. असे मोझेक ऐतिहासिक साधन म्हणून कितपत विश्वसनीय ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

लोकपरंपरेनुसार या भागातील तलावबांधणीचे श्रेय गोंड राजांच्या आश्रयाने स्थिरावलेल्या कोहळी समाजास दिले जाते. नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यानंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना जमिनीचे मालकी हक्क मिळाले आणि तलावांची व्यवस्थाही त्यांच्याकडे राहिली. पाणीवाटप व निस्ताराचे हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदविले गेले. तत्कालीन मध्य प्रदेशात १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे गेले. ‘माजी मालगुजारी तलाव’ किंवा ‘मामा तलाव’ ही संज्ञा त्यातूनच रूढ झाली. पुढे १९५६ मध्ये हा जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. गाळ साचणे, बेशरमासारख्या वनस्पतींची वाढ, पाळ फुटणे आणि अतिक्रमण ही तलावांच्या ऱ्हासाची कारणे सर्वत्र सांगितली जातात. मात्र कोणत्या तलावाचा विस्तार केव्हा व किती घटला, हे सांगण्यासाठी दिनांक असलेला पुरावा लागतो. उपग्रह प्रतिमेचे महत्त्व येथे आहे.

साधनांची उपलब्धता

भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी प्रक्षेपित झाला. लँडसॅटचा संपूर्ण संग्रह २००८ पासून विनामूल्य खुला झाला. प्रतिमांवर प्रक्रिया करणाऱ्या संगणकप्रणालींचा इतिहासही लक्षणीय आहे. ‘ग्रास’ या प्रणालीचे काम १९८२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या संशोधनशाळेत सुरू झाले व १९९९ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली. ‘क्यूजीआयएस’चा प्रारंभ २००२ मध्ये झाला. परवाना शुल्क नसल्यामुळे ग्रामीण भागातील महाविद्यालयांसही आता हे काम करता येते.

जुळवणीतील अडचणी

पहिली अडचण स्थानाची आहे. ८० अंश पूर्व रेखावृत्त व २१ अंश उत्तर अक्षवृत्त यांचा छेद साकोलीच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावर, सानगडीच्या परिसरात येतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशामालिकेतील ५५ ओ, ५५ पी, ६४ सी आणि ६४ डी या चार पत्रांचे कोपरे तेथेच मिळतात. त्यामुळे या भागाचा अभ्यासक प्रारंभापासूनच सांध्यावर उभा असतो. शिवाय जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर, तर उपग्रह प्रतिमा डब्ल्यूजीएस-८४ या संदर्भावर आधारित असतात. योग्य रूपांतर न केल्यास या भागात शंभर मीटरहून अधिक अंतर पडते. एखादी लहान बोडी तेवढ्या अंतरात आपल्या जागेवरून पूर्णपणे सरकलेली दिसेल. भू-नियंत्रण बिंदू म्हणून रस्त्यांचे छेद किंवा पाळीचे कोपरे निवडावेत. पाण्याची कड ऋतूनुसार बदलत असल्याने ती निवडू नये.

दुसरी अडचण सूक्ष्मतेची. पहिल्या लँडसॅटचा पिक्सेल सुमारे ८० मीटरचा होता, १९८२ नंतरच्या प्रतिमांत तो ३० मीटरचा झाला, तर २०१५ मध्ये प्रक्षेपित झालेल्या सेंटिनेल-२ च्या काही पट्ट्यांत तो १० मीटरचा आहे. एक हेक्टरची बोडी पहिल्यात जेमतेम दीड पिक्सेल, दुसऱ्यात सुमारे अकरा व तिसऱ्यात शंभर पिक्सेल व्यापते. म्हणून १९७२ व आजच्या क्षेत्रफळांची थेट वजाबाकी मोठ्या तलावांपुरतीच ग्राह्य धरावी.

तिसरी अडचण काळाची असून इतिहासाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. लँडसॅट एकाच पट्ट्यावर १६ दिवसांनी परततो आणि लगतचा पट्टा सात किंवा नऊ दिवसांच्या अंतराने टिपतो. ढगांमुळे हे अंतर महिन्यावरही जाते. धानासाठी तलावाचे पाणी सोडण्याच्या काळात एवढ्या अवधीत जलविस्तार स्पष्टपणे घटू शकतो. असे असताना दोन प्रतिमांच्या तेजमूल्यांचे वितरण सारखे करून, सांध्यावर रंग एकमेकांत मिसळले की मोझेक डोळ्यांना निर्दोष दिसते. उभे धान व कापलेले शेत, भरलेला व उपसलेला तलाव यांतील वास्तव फरक मात्र त्यात पुसट होतो.

याचे परिणाम व्यावहारिकही आहेत. पाणी ओसरल्यावर तलावाच्या पोटात गाळपेर करण्याची रीत जुनी आहे. आभासी रंगाच्या प्रतिमेत वनस्पती लाल दिसत असल्याने गाळपेरीचे शेत, बेशरमाचे रान व कायमचे अतिक्रमण यांत गल्लत संभवते. दिनांक हरवलेल्या मोझेकवरून निष्कर्ष काढल्यास परंपरेने गाळपेर करणारा शेतकरी अतिक्रमक ठरेल, तर खरे अतिक्रमण ऋतूचा फरक म्हणून सुटून जाईल.

कार्यपद्धती

यावर तीन उपाय सुचवावेसे वाटतात. प्रथम, तेजमूल्ये परस्परांशी जुळविण्यापूर्वी प्रत्येक प्रतिमा परावर्तनमूल्यांत रूपांतरित करावी. दुसरे, प्रत्येक मूळ प्रतिमेत जलक्षेत्र स्वतंत्रपणे ठरवावे व त्यानंतरच निष्पन्न नकाशे सांधावेत. तिसरे, मोझेकसोबत दिनांकांचा नकाशा जोडावा, म्हणजे प्रत्येक पिक्सेल कोणत्या दिवसाच्या प्रतिमेतून घेतला हे वाचकास तपासता येईल. मुक्त प्रणालींत यासाठी फारसे अधिक श्रम पडत नाहीत, कारण सांधणीची प्रत्येक पायरी आज्ञावलीच्या रूपाने जतन करता येते.

निष्कर्ष

दस्तऐवजांच्या संपादनात संपादक पाठभेद नोंदवितो. मोझेक तयार करणाऱ्यानेही सांध्यांची नोंद ठेवणे तितकेच आवश्यक आहे. अशी नोंद असलेले मोझेक वाजिब-उल-अर्ज, निस्तारपत्रक आणि गावातील वृद्धांच्या साक्षी यांच्याशी ताडून पाहिल्यास सानगडी परिसरातील तलावांचा गेल्या पाच दशकांचा इतिहास प्रमाणासह लिहिता येईल. भूगोल व इतिहास विभागांनी संयुक्तपणे आपापल्या तालुक्यापुरते हे काम हाती घेतल्यास मामा तलावांच्या पुनरुज्जीवनासही त्याचा आधार मिळेल.