क्वेकर कुलवृत्तांत

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स याने प्रवर्तित केलेल्या क्वेकर (मित्रसमाज) या ख्रिस्ती पंथातील पूर्वजांचा शोध. पुरोहित व बाप्तिस्मा न मानणाऱ्या या पंथीयांनी जन्म, विवाह व दफन यांच्या नोंदी स्वतःच ठेवल्या. विवाहपत्रावर उपस्थित सर्वजण सह्या करीत. आपल्याकडील कुलवृत्तांतकारांना हेवा वाटावा, असा दोन्ही कुळांचा गोतावळा त्यातून हाती लागतो. महिन्यांची मूर्तिपूजक नावे त्याज्य मानून ते क्रमांक लिहीत. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्षारंभ मार्चमध्ये होत असल्याने तेव्हाचा ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च होय.

मात्र रक्ताचे नाते व सदस्यत्व एक नव्हे. पंथाबाहेर विवाह केल्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सदस्यत्व जाई. उलट, स्वतःच्या प्रतीतीने बाहेरचे लोकही पंथात येत. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे १९४९–५९ या काळात गांधीप्रणीत नई तालीम शिक्षणाचे कार्य करणाऱ्या मार्जरी साइक्स (१९०५–९५) अशाच प्रौढपणी क्वेकर झाल्या. त्यांची जन्मनोंद क्वेकर वह्यांत शोधणे व्यर्थ होय. भारतातील क्वेकरांच्या विस्मृत शतकाचा इतिहास मात्र त्यांनीच लिहिला (१९८०).