आकाशदर्शी सर्पांचे दुखणे

मुक्या जनावराचे दुखणे त्याच्या वर्तनावरूनच ओळखावे लागते. आणि सर्पाइतके मुके जनावर क्वचितच सापडेल. गाय चारा टाकते, कुत्रे कण्हते. परंतु महिना महिना निराहार राहणारा अजगर आजारी आहे की नुसताच सुस्त, हे पाळणाऱ्यासही उमगत नाही. म्हणून सर्पांच्या एका रोगाच्या निदानाचा इतिहास येथे थोडक्यात सांगावा, असे आम्हांस वाटते.

१९७० नंतरच्या दशकापासून पाळीव बोआ व अजगर यांत एक विलक्षण विकार दिसू लागला. बोआ खाल्लेले भक्ष्य ओकून टाकी. कोणी सर्प मान मागे मुरडून तासन्‌तास वर पाहत राही, जणू नक्षत्रेच न्याहाळीत आहे. उताणा केला असता त्यास पुन्हा पालथे होता येत नसे. अशीच लक्षणे अतिउष्णतेने, कीटकनाशकाच्या विषाने वा अन्य संसर्गानेही उद्भवतात. तेव्हा केवळ त्यांवरून निदान करणे धोक्याचे होते. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली रोगट पेशींत बारीक गोळे आढळले, आणि त्यांवरून रोगास ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ हे नाव पडले. नाव मिळाले, कारण मात्र मिळाले नाही. काही रुग्ण सर्पांत रेट्रोव्हायरस सापडल्यामुळे बराच काळ संशय त्यावरच राहिला.

२०१२ साली हे कोडे सुटण्याच्या मार्गास लागले. या रोगाने चिंताग्रस्त झालेल्या एका सर्पपालिकेने सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक जोसेफ डेरिसी यांस पत्र लिहिले होते. मार्क स्टेंगलाइन, डेरिसी व त्यांचे सहकारी यांनी रोगी सर्पांच्या ऊतींतील जनुकद्रव्य वाचून पाहिले, तेव्हा त्यांत अरेनाव्हायरस या कुळातील विषाणू निघाले. तोवर हे कूळ केवळ सस्तन प्राण्यांत, मुख्यतः उंदरांच्या जातींत, ठाऊक होते!

यावर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने अधिक प्रकाश टाकला. हे विषाणू टोचलेल्या अजगरांस दोन महिन्यांच्या आत मज्जासंस्थेचा तीव्र विकार जडला. बोआ मात्र दोन वर्षे विषाणू अंगी वागवूनही वरकरणी निरोगी राहिले.

या एका भेदात पाळणाऱ्याचे सारे संकट साठविले आहे. या रोगास अद्यापि उपाय नाही, आणि निश्चित निदान होताच सर्पास मरण देणे हाच सल्ला पुष्कळदा मिळतो. अशा स्थितीत नुसत्या वाकड्या मानेवरून निकाल दिला, तर निरपराध जीव जाईल. आणि धडधाकट दिसणाऱ्या नव्या बोआस परीक्षेवाचून इतरांत सोडले, तर शेजारचा अजगर दगावेल. नवा सर्प काही काळ वेगळा ठेवावा, त्याचे रक्त तपासून घ्यावे, आणि मगच त्याच्या आरोग्याविषयी बोलावे. डोळ्यांनी टिपलेले वर्तन ही निदानाची पहिली पायरी होय. ती शेवटची मानण्याची चूक पूर्वी घडत आली, ती पुन्हा होऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.