टेन्शन, अल्सर आणि उंदीर

'डॉक्टर, टेन्शनमुळे अल्सर झाला का?' या प्रश्नामागे १९३६ सालचे उंदीर आहेत.

मॉन्ट्रियलमध्ये हान्स सेल्ये हे नव्या हार्मोनच्या शोधात उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होते. पण थंडी, जखम, अतिश्रम, विषारी औषध, काहीही दिलं तरी आत तेच दिसे: अ‍ॅड्रिनल ग्रंथी वाढलेल्या, थायमस आक्रसलेली, जठरात व्रण. शरीर आधी हादरतं, मग जुळवून घेतं, त्रास चालूच राहिला तर थकतं. (गंमत म्हणजे त्या पहिल्या टिपणात 'स्ट्रेस' हा शब्दच नव्हता!)

उंदरांचे हाल मात्र टोकाचे होते. माणसात मोठं भाजल्यावर तसे व्रण होतात. आपले बहुतेक अल्सर हेलिकोबॅक्टर जंतूमुळे नाहीतर वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर टेन्शन कमी व्हायची वाट पाहू नका, लगेच दाखवा.