कोण ऐकतंय, त्याची नोंद नाही

पोर्तुगिजांच्या अमलातल्या गोव्यात लग्नपत्रिका छापायची झाली, तरी मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. वधूवरांची नावं, मुहूर्त, आहेर आणू नये, यात सरकारला भिण्यासारखं काय असणार? पण सालाझारच्या राजवटीचा नियमच तसा होता. छापील अक्षर म्हटलं की ते आधी सरकारच्या डोळ्याखालून जायचं. सभा नाही, मोर्चा नाही, वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध ओळ नाही. ज्या राज्यात आपल्या लेकीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा परवानगीशिवाय छापता येत नाही, तिथे माणसांनी एकमेकांना खरं काय चाललंय ते सांगायचं कसं?

या प्रश्नाचं एक उत्तर आमच्या बेळगावच्या फार जवळ तयार झालं. त्याची आठवण आता इकडच्या नव्या पिढीला फारशी नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

१५ ऑगस्ट १९५५ला देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगिजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर भारत सरकारने सामूहिक सत्याग्रह थांबवले आणि हद्द बंद केली. कॅसलरॉकवरून खाली गोव्यात उतरणारी रेल्वे थांबली. नाती अलीकडे-पलीकडे, माणसं मात्र जिथल्या तिथे. सत्याग्रह थांबल्यावर गोव्यातल्या माणसाला वाटलं असणार की संपलं, आता आपल्याला कुणी विचारत नाही. त्या शांततेत २५ नोव्हेंबर १९५५ला एक नभोवाणी केंद्र सुरू झालं. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १५१०मध्ये याच दिवशी अल्बुकर्कने गोवा घेतला होता.

केंद्र म्हटलं की आपल्याला इमारत, मनोरा, गणवेशातला पहारेकरी दिसतो. इथे यातलं काही नव्हतं. १९५४मध्ये दादरा-नगरहवेली मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगीज प्रशासनाचे दोन बिनतारी संच स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती लागले होते. त्यांतून प्रक्षेपक तयार केला, तो एका ट्रकवर चढवला आणि ट्रक उभा केला आंबोलीच्या जंगलात. बेळगावहून सावंतवाडीला जाताना आपण भजी खायला थांबतो, तेच आंबोली. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणारं ठिकाण. कपडा वाळत नाही, कागद सादळतो, जळवा पायाला लागतात. पुढे तिथून मुक्काम हलला तो कॅसलरॉकच्या रानात. म्हणजे तेही आमच्या लोंढ्याच्या पलीकडेच.

हे केंद्र मुख्यतः दोन माणसांनी चालवलं, वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. कोकणी बाजू वामनरावांची, पोर्तुगीज बाजू लिबियाबाईंची. कोकणीत त्याचं नाव ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. लिबियाबाईंचा जन्म १९२४चा. मुंबईत वाढलेल्या. दुसऱ्या महायुद्धात सेन्सॉरच्या कचेरीत त्या इटालियन युद्धकैद्यांची पत्रं तपासायचं काम करत. नंतर ऑल इंडिया रेडिओत नोकरी केली, कायद्याचं शिक्षण घेतलं. म्हणजे दुसऱ्याची पत्रं सरकार कशी वाचतं, हे त्यांनी स्वतः खुर्चीवर बसून पाहिलं होतं. पुढे त्यांनी जे माध्यम हाती घेतलं ते असं, की ज्यात पाकीट फोडून बघायला काही नसतंच. मला हा योगायोग फार बोलका वाटतो. त्यांनी स्वतः असा विचार केला होता की नाही, तो भाग वेगळा.

एकतीस वर्षांची अविवाहित मुलगी सगळं सोडून रानात जाऊन राहते, तेही एकोणीसशे पंचावन्न साली. आपल्या घरांत तेव्हा मुलीला एकटीने मिरजेपर्यंत पाठवायला चार माणसं विचार करत. तिथे रोजचं काम काय, तर लिस्बनचं आणि इतर ठिकाणचं प्रसारण ऐकायचं, टिपायचं, त्यातला खोटेपणा शोधायचा, उत्तर लिहायचं आणि ते वाचून दाखवायचं. गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत आहे, तिथले लोक सुखी आहेत, असं सालाझार जगाला सांगत होता. आपल्या संसदेत गोव्याबद्दल काय बोलणं झालं, आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहती कशा उठल्या आहेत, हे गोव्यातल्या माणसाला या केंद्रावरून कळे. आणि हे पोर्तुगीज भाषेतही सांगितलं जाई, म्हणजे कचेरीतल्या साहेबालाही ते समजे. असं एक-दोन महिने नव्हे, सहा वर्षं चाललं.

सहा वर्षांत त्यांना पलीकडे किती जण ऐकतात याचा आकडा कधी मिळाला नसणार. तो मिळणं शक्यच नव्हतं. आणि माझ्या मते इथेच रेडिओची खरी किंमत आहे. त्यांना आकडा मिळाला नाही, तसा तो पोर्तुगीज पोलिसांनाही मिळाला नाही.

याचं कारण साधं आहे. प्रक्षेपक लहरी सोडतो, म्हणून तो कुठे आहे हे हुडकता येतं. घरातला संच फक्त लहरी घेतो. तो बाहेर कुणाला सांगत नाही की मला उघडलंय, काटा अमुक जागी आहे, समोर अमुक बाई बसली आहे. धोका सगळा बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला जवळजवळ नाही. पत्राचं तसं नसतं, त्यावर पत्ता असतो. पत्रकाचं तसं नसतं, ते उशीखाली सापडतं. ऐकलेली बातमी झडतीत सापडत नाही.

बोलणाऱ्याचा धोका किती खरा असतो, ते उषा मेहतांच्या गोष्टीत दिसतं. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांनी आणि सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर. जागा सांगताना फक्त ‘भारतात कुठून तरी’ एवढंच. उषाताई तेव्हा बावीस वर्षांच्या, कॉलेजात शिकणाऱ्या. पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून ही मंडळी सारखी जागा बदलत. शेवटी १२ नोव्हेंबरला सगळे पकडले गेले, आणि त्यातही एका तंत्रज्ञाने दिलेला दगा होता. चौकशीत उषाताईंनी तोंड उघडलं नाही. चार वर्षांची शिक्षा झाली, १९४६ला सुटल्या. पण तीन महिने मुंबईत घराघरांत ज्यांनी तो रेडिओ ऐकला, त्यांची यादी कुणाच्या हाती आली नाही, कारण यादी नव्हतीच.

आता कुणी म्हणेल, हिटलरच्या जर्मनीत परदेशी केंद्र ऐकणाऱ्यांना शिक्षा होत होत्याच की. होत होत्या. १९३९पासून तो गुन्हा होता, त्याआधीपासून स्वस्त आणि मुद्दाम कमी ताकदीचे संच लोकांना विकले गेले होते. पण माणसं पकडली जात ती बहुतेक शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून. भिंतीपलीकडून आवाज आला, मोलकरणीने पाहिलं, भावकीत भांडण झालं. संचाने चहाडी केली नाही, माणसांनी केली. आणि याच लपलेल्या ऐकण्याची काळी बाजूही आहे. १९९४मध्ये रुवांडात रेडिओवरूनच शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध भडकवलं गेलं. लहरीला चांगलं-वाईट कळत नाही, हे मान्य.

आपल्याकडच्या घरांत हे कसं होतं? नोंद अजिबात नव्हती असं नाही. ऐंशीच्या दशकापर्यंत रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागे, दरवर्षी पैसे भरून लहानशा पुस्तकात तिकिटं चिकटवून घ्यावी लागत. म्हणजे कुणाच्या घरी संच आहे हे सरकारला ठाऊक असे. पण त्यावर काय लागतं, ते मात्र घरातच राही. सीमाभागात याला वेगळाच अर्थ होता. १९५०पासून धारवाड केंद्र होतं, १९६३मध्ये सांगली आलं. एक कानडी, एक मराठी. आमच्या समाजातल्या कितीतरी घरांत दोन्ही भाषा चुलीपाशी नांदतात, सासू एकीत बोलते आणि सून दुसरीत उत्तर देते. काटा थोडा सरकवला की राज्य बदलायचं, नाका नाही, पाटी नाही. फार मोठ्याने लावला तरच आळीला कळायचं आपण कोणत्या बाजूचे, आणि आळी लगेच निकालही द्यायची! रात्री तर मध्यम लहरी वरच्या वातावरणातून परतून लांबवर पोचतात. म्हणून दिवसा जे केंद्र कुजबुजायचं ते रात्री नऊनंतर स्वच्छ लागायचं, मध्येच कोलंबोही डोकवायचं.

बायकांसाठी खरा फरक पडला तो साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आल्यावर. त्याआधीचा मोठा संच सोप्यात फळीवर असे, त्यावर क्रोशाचा रुमाल घालायचं काम बायकांचं आणि बटण फिरवायचा मान पुरुषांचा. ट्रान्झिस्टर उचलून स्वयंपाकघरात नेता आला. आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, त्यामुळे शेजारणी पोळ्या लाटत असायच्या तेव्हा जैन घरांतल्या बायका भांडी आवरून मोकळ्या झालेल्या. संध्याकाळचा तो तासभर पुष्कळजणींचा स्वतःचा होता. हात निवडण्या-टिपण्यात आणि कान बाहेर. वर्तमानपत्र घेऊन बसलेली सून दिसते, ऐकणारी सून दिसत नाही. कुटुंबनियोजनापासून बायकांच्या कायद्यापर्यंत कितीतरी गोष्टी घरात कुणाला न विचारता त्यांच्यापर्यंत पोचल्या, त्या अशाच.

आता तेच सांगली केंद्र फोनवरच्या अ‍ॅपमधूनही ऐकता येतं. आवाज स्वच्छ, खरखर नाही. कार्यक्रम तोच, पण वाट वेगळी. फोनवर काय ऐकलं, किती वेळ ऐकलं, कुठे थांबवलं, याची नोंद कुठेतरी होत असते, आणि त्यावरून पुढे काय दाखवायचं ते ठरतं. ‘माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ असं आपण म्हणतो. लग्नपत्रिकेत तरी काय होतं?

आणि जाळं बंद करता येतं. ऑगस्ट २०१९मध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट दोन्ही थांबवले गेले, वेगवान इंटरनेट पुन्हा यायला दीड वर्ष गेलं. मार्च २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर बीबीसीने त्या भागासाठी लघुलहरींवरून रोज चार तास बातम्या पुन्हा सुरू केल्या. त्याच बीबीसीने दोनच वर्षांपूर्वी हिंदीचं लघुलहरीवरचं प्रसारण बंद केलं होतं. गरज पडली की जुन्या पेटीकडेच वळावं लागतं, पण तोवर पेटी जपायची कुणी?

ती जपणाऱ्या काही बायका आहेत. हैदराबादहून मुंबईच्या रस्त्याला झहीराबादजवळ माचनूर नावाचं गाव आहे, आपल्या बिदरपासून जवळ. तिथे शेतमजुरी करणाऱ्या दलित बायकांनी स्वतःचं केंद्र उभारलं, संघम रेडिओ. १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असा निकाल दिला. माचनूरचा स्टुडिओ त्यानंतर तीनच वर्षांत तयार झाला. पण गावच्या संस्थांना केंद्र चालवायची मुभा सरकारने २००६मध्ये दिली, आणि आवाज प्रत्यक्ष हवेत गेला २००८ला. तोवर दहा वर्षं या बायका कॅसेटवर रेकॉर्डिंग करून संघमच्या बैठकांत ऐकवत राहिल्या. बियाणं, बाळंतपणं, जात्यावरची गाणी, सगळं त्यांच्याच बोलीत. त्याच साली साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी तरंगही सुरू झालं. या केंद्रांची पोच काही कोसांची, पण त्या कोसांत ऐकणारीला ना रिचार्ज लागतो, ना आपला नंबर द्यावा लागतो.

बऱ्याच फोनमध्ये एफएमची सोय आतमध्ये असते, इअरफोनची वायर हाच त्याचा एरियल होतो आणि इंटरनेट लागत नाही. अलीकडे ती काढून टाकायची किंवा बंद ठेवायची पद्धत पडली, म्हणून २०२३मध्ये केंद्र सरकारला फोन बनवणाऱ्यांना सांगावं लागलं की ती चालू ठेवा. पुढच्या वेळी फोन घ्यायला जाल तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते विचारून झालं, की हेही विचारा. दुकानातला मुलगा कदाचित चक्रावेल. त्याला इअरफोन लावायला सांगा, फोनचं नेट बंद करायला सांगा आणि एखादं केंद्र लावून दाखव म्हणा.