दुसऱ्यांदा

पर्युषणात अंतगडसूत्राचं वाचन ऐकत मोठ्या झालेल्या बायकांना अर्जुनमाळी वेगळा सांगावा लागत नाही. राजगृहाचा माळी, अंगात यक्ष शिरलेला, हातात लोखंडी मुद्गर, रोज सहा पुरुष आणि एक स्त्री मारणारा. श्रेणिक राजाने दवंडी पिटवून नगराबाहेर जायला बंदी केली. सगळं शहर दारं लावून बसलं आणि सुदर्शन श्रावक तेवढा भगवंतांच्या दर्शनाला निघाला. पुढे अर्जुनाची दीक्षा, गोचरीला गेल्यावर लोकांच्या शिव्या आणि मार, त्याची समता, शेवटी मोक्ष. व्याख्यानात सगळा भर सुदर्शनाच्या निर्भयपणावर आणि अर्जुनाच्या क्षमेवर असतो.

माझं मन मात्र दरवेळी त्याआधीच्या भागात अडकतं. सहा पुरुष आणि एक स्त्री, हा हिशोब आला कुठून? अर्जुनाची बायको बंधुमती. दोघं फुलं घेऊन यक्षाच्या देवळात गेली. तिथं ललिता नावाच्या टोळीतले सहा जण लपून बसले होते. त्यांनी अर्जुनाला बांधून टाकलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर बंधुमतीवर अत्याचार केला. यक्ष अंगात आल्यावर अर्जुनाने त्या सहांना मारलं आणि सातवी म्हणून बंधुमतीलाही. तिचा काय दोष, हे कोणी विचारत नाही. आगमात त्या टोळीबद्दल एक तपशील आहे. राजाचं काहीतरी काम त्यांनी करून दिलं होतं, म्हणून त्यांना मोकळीक होती. ते करतील ते बरंच, असं धरलं जाई. म्हणजे शहर त्यांना ओळखत होतं. देवळातली ती त्यांची पहिलीच वेळ असेल, असं मला वाटत नाही. पण दारं बंद झाली ती अर्जुनाच्या भीतीने. ललिता टोळीसाठी राजगृहात कोणी दवंडी पिटवली नव्हती.

‘पुन्हा गुन्हा करणाऱ्याला जास्त शिक्षा’ या विषयावर आमच्या महिला मंडळात नेहमी एकमत असतं. वर्तमानपत्रात मराठीत ‘सराईत’ आणि इथं वडोदऱ्यात गुजरातीत ‘रीढो’ गुनेगार असं वाचलं की सगळ्या म्हणतात, अशांना सोडूच नये. माझाही त्याला विरोध नाही. फक्त आपल्या देशात ही ‘दुसरी वेळ’ कोणाची मोजली गेली, हे एकदा बघायला हवं.

१८६० च्या भारतीय दंड विधानात कलम ७५ होतं. आधी शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसल्याच गुन्ह्यात सापडला तर दहा वर्षं किंवा जन्मठेप. पण कोणते गुन्हे? खोटी नाणी आणि मालमत्ता, एवढी दोनच प्रकरणं. चोरी, घरफोडी, दरोडा त्यात येतात. माणसाच्या, बाईच्या शरीरावरचे गुन्हे त्यात नाहीत. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशीच, असं कलम ३०३ होतं खरं. न्यायाधीशाला विचार करायला जागाच ठेवत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते १९८३ मध्ये रद्द केलं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली. तिच्यात जुन्या ७५ ची जागा कलम १३ ने घेतली आहे. त्यातही नाणी आणि मालमत्ताच आहेत. दोनदा पाकीट मारणारा या कलमात सापडतो. दोनदा बायकोचा हात मोडणारा सापडत नाही.

याच्या उलट, काहींच्या बाबतीत पहिल्या गुन्ह्याचीही वाट पाहिली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आधी उत्तरेत लागू झाला आणि १९११ मध्ये मुंबई इलाख्यासकट सगळीकडे आला. जमात जाहीर झाली की त्यात जन्मलेल्याचं नाव नोंदवहीत, बोटांचे ठसे, हजेरी, गावाबाहेर जायला परवाना. आणि १९११ च्या कायद्यात शिक्षेचा हिशोबही होता: जमातीतल्या माणसाला ठराविक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर निदान सात वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर काळं पाणी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये ‘तिसऱ्यांदा सापडलास की संपलास’ असा कायदा केला तेव्हा जगभर चर्चा झाली. तिथं गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्याला पंचवीस वर्षं ते जन्मठेप झाली, आणि २०१२ मध्ये लोकांनीच मतदान करून तो कायदा सौम्य केला. आपल्याकडे असला कायदा आधीच होऊन गेला होता, तोही जात बघून.

माझं माहेर सोलापूरचं. तिथं ‘सेटलमेंट’ हे वस्तीचं नाव म्हणून मी लहानपणापासून ऐकलं. शब्द इंग्रजी का, हे विचारायचं सुचलं नाही. तारेच्या कुंपणाआड ठेवलेल्या माणसांची ती जागा होती, हे फार उशिरा वाचलं. अहमदाबादचं छारानगर तशाच वसाहतीतून उभं राहिलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, माणसं ‘विमुक्त’ झाली. त्यानंतर १९५९ चा मुंबईचा सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो एकेका माणसासाठी होता, पोलिसांच्या डोळ्यांसमोर जुनीच यादी होती.

त्या यादीविरुद्धची एक मोठी हालचाल आपल्या वडोदऱ्यात सुरू झाली, हे आपल्यातल्या किती जणींना माहीत आहे? १९९८ मध्ये महाश्वेतादेवी इथं व्याख्यानाला आल्या होत्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालच्या पुरुलियात बुधन सबर हा तरुण पोलिसांच्या मारहाणीनंतर मेला होता. त्या, ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड आणि इथल्या विद्यापीठात पूर्वी इंग्रजी शिकवलेले गणेश देवी, या तिघांनी मिळून विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी गट उभा केला. छारानगरच्या पोरांनी त्याच वर्षी बुधनवर नाटक बसवलं आणि त्यांचं ‘बुधन थिएटर’ झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातिभेदाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ‘सराईत’ या शब्दाची व्याख्या जात-जमात बघून करता येणार नाही.

आता बायकांच्या बाजूने. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या वर्मा समितीने फाशी सुचवली नव्हती. तरी २०१३ च्या दुरुस्तीत ३७६-ई आलं: बलात्काराबद्दल आधी शिक्षा झालेल्याने पुन्हा तोच गुन्हा केला तर मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशी. शरीरावरच्या गुन्ह्याची ‘दुसरी वेळ’ कायद्याने एकदाची मोजली. हे कलम पहिल्यांदा लागलं मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात. २२ ऑगस्ट २०१३ ला तिथं एका छायाचित्रकार पत्रकार तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. ती बातमी पसरल्यावर आणखी एक तरुणी पुढे आली. ती टेलिफोन ऑपरेटर होती. तिच्यावर त्याच जागी ३१ जुलैला अत्याचार झाला होता, आणि तिघे आरोपी तेच होते. ४ एप्रिल २०१४ ला त्या तिघांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कलम वैध ठरवलं आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये फाशीची जन्मठेप केली, पॅरोल-फर्लोशिवाय. फाशीने पश्चात्तापाची वाटच बंद होते, असं न्यायमूर्तींनी म्हटलं. प्रायश्चित्ताचे दहा प्रकार पाठ करणाऱ्या आपल्याला ते परकं वाटू नये. पारांचिक ही सर्वांत कडक शिक्षाही साधूला संघाबाहेर काढते, जीव घेत नाही.

पण माझा जीव अडकतो तो ३१ जुलै आणि २२ ऑगस्ट यांच्यामध्ये. बावीस दिवस. त्या पहिल्या मुलीला मी बोल लावत नाही. आपण गेलो तर कोणी ऐकेल असं तिला का वाटलं नसेल, ते आपण सगळ्याच जाणतो. दुसऱ्या वेळेची शिक्षा कितीही वाढवा, पहिली वेळ नोंदलीच गेली नाही तर तो माणूस कायद्याच्या लेखी नवाच असतो.

गुजरातच्या खेड्यांत पूर्वी पगी असत. चोरीनंतर धुळीतलं पाऊल ओळखून माग काढत पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायचे, तिथून त्या गावचा पगी घ्यायचा. ज्या गावाला माग आपल्या हद्दीबाहेर काढून दाखवता आला नाही, त्याने चोर द्यावा नाहीतर भरपाई. पगी बहुधा कोळी, भिल्ल, आपल्याकडच्या रामोशांसारखे. ज्यांच्यावर राखण सोपवली, त्यांच्याकडेच संशयाने बघायचं, ही रीत दोन्हीकडे सारखी. तरीही गुन्ह्याला गाव जबाबदार, हा विचार मला मोलाचा वाटतो. अडचण एवढीच की घरातल्या माराचा माग उंबऱ्याबाहेर येत नाही.

गुजरातचा १९८५ चा ‘पासा’ कायदा खटल्याशिवाय वर्षभर स्थानबद्ध करू देतो. त्यात ‘क्रूर व्यक्ती’ अशी एक वर्गवारी आहे. ती जनावरांच्या बेकायदा कत्तलीबद्दल आहे. जीवदयेच्या नावाने आपला समाज अशा तरतुदींवर खूश असतो. मीही जीवदयेचीच, पण ‘क्रूर’ हा शब्द वाचून आमच्या पोळीतल्या एका बाईला वाटलं होतं की हा कायदा तिच्या नवऱ्यासाठी आहे. तिला नीट समजावून सांगताना मला लाज वाटली.

घडियाळी पोळीसारख्या जुन्या पोळी तुम्ही पाहिल्या असतील. भिंतीला भिंत, ओट्याला ओटा. कोणत्या घरात रात्री काय चालतं, हे सगळ्यांना ऐकू जातं. आमच्या सात-आठ जणींनी ठरवलं की आवाज आला की कोणी तरी विरजण मागायला जायचं. रात्री अकराला विरजण कोण मागतं, हे त्या घरातल्या पुरुषालाही कळतं. थांबलं नाही तर १८१ ला, अभयमला, फोन. सासरच्या मंडळींनी मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे तक्रार केली, दोघी जणी सोडूनही गेल्या. आता पाच उरल्या आहोत. एक साधी वही ठेवली आहे: तारीख, वेळ, काय ऐकलं, कोण गेलं. एका घराच्या पानावर मार्चपासून नऊ तारखा आहेत. परवा ती बाई स्वतः आली आणि म्हणाली, “ताई, सुरुवात मार्चला नाही झाली. आधीच्या तारखा मी सांगते, लिहून घ्या.”