फाडलेला कॅनव्हास

१९६९ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने अ‍ॅल लव्हिंग या ३४ वर्षांच्या चित्रकाराचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले. तेथे हा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय कलावंत. रेखीव षट्कोन, घनाकृती आणि झळझळीत रंग हे त्याच्या चित्रांचे विशेष. एवढे यश पदरात पडल्यावर मनुष्य सहसा मळलेली वाट सोडीत नाही. लव्हिंगने ती सोडली. इतकेच नव्हे, तर आपल्या कॅनव्हासांना कात्री लावली. हे कसे घडले ते पाहू.

तो काळ वर्णसंघर्षाचा होता. कृष्णवर्णीय चित्रकाराने आपल्या समाजाची सुखदुःखे रंगवावीत, नुसत्या आकृत्यांत रमू नये, असे त्याचे कित्येक बांधव म्हणत. षट्कोनात आपल्या माणसांचे काय आहे, हा प्रश्न टाळण्याजोगा नव्हता.

उत्तराची वाट त्याच संग्रहालयात सापडली. १९७१ मध्ये तेथे जुन्या अमेरिकन गोधड्या चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या होत्या. त्यांतील बऱ्याचशा पेनसिल्व्हेनियातल्या. परंतु त्या पाहून लव्हिंगला आपल्या आजीच्या गोधड्या आठवल्या. अमूर्त चित्रकला घरात पूर्वीपासूनच होती. तिला कोणी चित्रकला म्हटले नव्हते, इतकेच! मग त्याने कॅनव्हासच्या पट्ट्या केल्या, त्या रंगविल्या, शिवून जोडल्या आणि चौकटीवाचून भिंतीवर लोंबत्या सोडल्या.

पट्ट्या जोडून वस्त्र करण्याची रीत पश्चिम आफ्रिकेत जुनी आहे. घानातील असांते व एवे विणकर अरुंद मागावर सुमारे ४ इंच रुंदीच्या पट्ट्या विणतात आणि काठाला काठ शिवून केंटे वस्त्र सिद्ध करतात. गुलाम म्हणून नेलेल्यांच्या अंगावर असे वस्त्र राहिले नाही. नजर आणि हात मात्र राहिले असावेत, असे काही अभ्यासक मानतात. अर्थात प्रत्येक गोधडीचा वंश आफ्रिकेपर्यंत नेता येणार नाही, कारण चिंध्या जोडायला गरिबीही शिकविते.

वंशावळीचा हा वाद मिटो न मिटो, एक गोष्ट विसरता येत नाही. १९७१ साली भिंतीवर चढलेल्या बहुतेक गोधड्या कोणी शिवल्या, ते कोणास ठाऊक नव्हते. लव्हिंग २००५ साली वारला. त्याचे नाव कलेच्या इतिहासात राहिले. पण त्याने गुरू मानले ते अशा अनामिक हातांना. श्रोते हो, आपल्या घरची गोधडी पांघरताना ती शिवणारीचे नाव आपण तरी कधी विचारले आहे काय?