अखंड प्रवासाची अट : कोमागाता मारू आणि न लिहिलेला शब्द

२३ मे १९१४. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हँकूवरच्या बंदरात एक जपानी आगबोट येऊन थांबली. नाव कोमागाता मारू. बोटीवर ३७६ भारतीय प्रवासी होते. त्यांतील बहुतेक पंजाबचे शीख, काही मुसलमान, काही हिंदू. सारे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, आणि कॅनडा हाही त्याच साम्राज्याचा भाग.

दोन महिन्यांनी ती बोट जवळपास सर्वच प्रवाशांसह परत फिरवण्यात आली. ज्या मुख्य नियमाने त्यांची वाट अडवली, त्यात ‘भारतीय’ हा शब्द कोठेही नव्हता.

त्यांच्याजवळ व्हिसा नव्हता, असे आजच्या वाचकाला सहज वाटेल. परंतु पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील बहुतेक सीमा पारपत्राविना ओलांडता येत असत. शिवाय १८५८ च्या जाहीरनाम्यात राणी व्हिक्टोरियाने हिंदी प्रजेला इतर प्रजेप्रमाणेच वागवण्याचे वचन दिले होते. साम्राज्यातील एका देशाने साम्राज्याच्याच प्रजेला वंशाच्या नावाने उघडपणे दार बंद करणे लंडनला परवडणारे नव्हते. हिंदुस्थानात त्याचे पडसाद उमटले असते.

चिनी लोकांच्या बाबतीत कॅनडाला अशी अडचण नव्हती. त्यांच्यावर डोईपट्टी होती आणि १९०३ पासून ती माणशी ५०० डॉलर झाली होती. जपानशी आपसांत समझोता करून तेथूनच माणसे कमी पाठवण्याची व्यवस्था झाली. उरले हिंदुस्थानी. १९०७-०८ या एका वर्षात सुमारे २,६०० भारतीय कॅनडात उतरले आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील गोऱ्या मतदारांत ओरड सुरू झाली.

जानेवारी १९०८ मध्ये कॅनडा सरकारने एक हुकूम काढला. आपल्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून निघून, तेथेच काढलेल्या थेट तिकिटावर, वाटेत खंड न पाडता जो येईल त्यालाच प्रवेश मिळेल, अशी त्यातील तरतूद होती. वाचायला अगदी निरुपद्रवी. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी नियमित बोटसेवाच नव्हती. हाँगकाँग किंवा जपानमध्ये बोट बदलणे भाग होते, आणि थेट तिकिटे विकू नयेत म्हणून बोटकंपन्यांवर सरकारचे दडपण होते. त्याच वर्षी दुसरी अट आली : आशियाई माणसाने उतरताना २०० डॉलर दाखवावेत. १९०९ साली कॅनडात प्रवेश मिळालेल्या भारतीयांची संख्या होती सहा.

याच सुमारास मॅकेन्झी किंग नावाचे एक तरुण अधिकारी लंडनला जाऊन हा प्रश्न शांतपणे मिटवण्याची बोलणी करून आले. हे नाव पुढे पुन्हा येते.

नियमाला पहिला धक्का न्यायालयातच बसला. १९१३ साली पनामा मारू या बोटीने आलेल्या भारतीयांपैकी ३९ जणांना अटकावून ठेवले होते. सरन्यायाधीश हंटर यांनी हुकुमाची भाषा मूळ कायद्याशी ताडून पाहिली. दोहोंचे शब्द जुळत नव्हते. हुकूम अवैध ठरला आणि बहुतेकांची सुटका झाली. सरकारने शब्द दुरुस्त करून जानेवारी १९१४ मध्ये तेच हुकूम पुन्हा काढले.

या निकालाच्या बातमीवर विसंबून सरदार गुरदित सिंग या व्यापाऱ्याने कोमागाता मारू भाड्याने घेतली. हाँगकाँगहून १६५, शांघायहून १११, मोजीहून ८६ आणि योकोहामाहून १४ असे प्रवासी चढले. म्हणजे अखंड प्रवासाची अट पहिल्याच बंदरात मोडली होती. गुरदित सिंगांना ते ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे. हा नियम न्यायालयात आणि जगासमोर कसाला लावणे, हाही त्यांचा हेतू होता.

व्हँकूवरच्या अधिकाऱ्यांनी पूर्वी कॅनडात राहून गेलेल्या सुमारे वीस जणांना उतरू दिले. बाकीचे बोटीवरच अडकले. अन्न आणि पाण्यासाठीही झगडावे लागे. किनाऱ्यावरील शीख बांधवांनी वर्गणी काढून बोटीचे भाडे भरले आणि वकील दिला. मुन्शी सिंग या शेतकऱ्याचा दावा कसोटी म्हणून चालवला गेला. ६ जुलै रोजी अपील न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. या वेळी शब्द जुळत होते.

१९ जुलैच्या रात्री सी लायन या टगबोटीतून सशस्त्र पोलीस बोटीवर चढू पाहत होते. प्रवाशांनी कोळसा आणि विटांचा मारा करून त्यांना पिटाळले. मग रेनबो ही युद्धनौका आणून शेजारी उभी करण्यात आली. २३ जुलैला कोमागाता मारू निघाली.

वाटेत महायुद्ध पेटले. हाँगकाँगला उतरू दिले नाही, सिंगापूरलाही नाही. आणि बोट समुद्रात असतानाच, सप्टेंबरच्या आरंभी, हिंदुस्थान सरकारने बाहेरून येणाऱ्यांना अडवण्याचा व स्थानबद्ध करण्याचा अधिकार देणारा वटहुकूम काढला. परक्या देशाने नाकारलेल्या या माणसांना आता स्वदेशातही मोकळा प्रवेश उरला नाही. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे त्यांना सक्तीने पंजाबच्या आगगाडीत बसवण्याचा प्रयत्न झाला. बहुतेकांनी नकार दिला, ग्रंथसाहेब पुढे घेऊन ते कलकत्त्याच्या वाटेला लागले, त्यांना मागे वळवण्यात आले, आणि संध्याकाळी गोळीबार झाला. सुमारे वीस प्रवासी मारले गेले. गुरदित सिंग निसटले आणि कित्येक वर्षे भूमिगत राहिले.

हाच वटहुकूम अमेरिकेतून परतणाऱ्या गदर पक्षाच्या क्रांतिकारकांवरही वापरला गेला. त्यातून निसटून आत शिरलेल्यांत तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे होते. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

कॅनडाची जुनी मागणी अशी होती की, हिंदुस्थान सरकारनेच पारपत्र सक्तीचे करून माणसे निघण्यापूर्वीच थांबवावीत. हिंदुस्थान सरकारने ती बराच काळ मान्य केली नव्हती. युद्धाच्या काळात हे बदलले. १९१७ साली पारपत्राचे नियम झाले, १९२० साली कायदा. हे शस्त्र कोणावर चालू शकते ते लगेच दिसले : १९१८ साली होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन विलायतेला निघालेले लोकमान्य टिळक कोलंबोपर्यंत पोहोचले होते, तेथे त्यांची व सहकाऱ्यांची पारपत्रे रद्द झाली.

अखंड प्रवासाची अट १९४७ साली मागे घेण्यात आली. तेव्हा कॅनडाचे पंतप्रधान होते मॅकेन्झी किंग. १९५१ साली स्वतंत्र भारताशी करार झाला आणि वर्षाला १५० भारतीयांना प्रवेश देण्याचे ठरले. एकट्या कोमागाता मारूवर त्याच्या अडीचपट माणसे होती.